भिंतीखालचा झरा

"हरलास तर तुझ्या वाटणीच्या अळ्या माझ्या," असं म्हणत मेहलुलीने फाटक्या स्लिपरच्या तळव्याची होडी धरणाच्या पाण्यात सोडली.

"आधी तुझी चप्पल तरंगू दे," बुखोसी म्हणाला. त्याची होडी टूथपेस्टच्या खोक्याची होती आणि ती भिजून केव्हाच लिबलिबीत झाली होती.

रात्री मामी मोपानीच्या झाडावरच्या अळ्या टोमॅटोत परतणार होती, त्यावरून ही पैज लागली होती. पंच होती खेथिवे. ती तेरा वर्षांची, मेहलुली तिचा नऊ वर्षांचा सख्खा भाऊ. त्यांची आई जोहान्सबर्गला घरकाम करायची आणि ही दोघं सिलोंगो गावात झेन्झो मामाकडे वाढत होती. बुखोसी त्यांच्या थोरल्या मामाचा मुलगा, पक्का शहरी, बुलावायोकर. गुरं राखायला शिकावं म्हणून त्याला दर डिसेंबरच्या सुट्टीत गावी पाठवत, आणि दर डिसेंबरात तो गाईला पाहून झाडावर चढे.

तीन वर्षं धरणात नुसता भेगाळलेला चिखल होता. यंदा पावसाने लवकर हजेरी लावली आणि मातीच्या त्या बुटक्या भिंतीआड पाणी काठोकाठ आलं. गावात कुणी कुणाला भेटलं की आधी पाण्याची चौकशी करी, मग माणसांची.

वारा भिंतीकडून पाण्याकडे वाहत होता. होड्या आत जायला हव्या होत्या. मेहलुलीची होडी थोडी आत गेली, थबकली आणि उलटी फिरून भिंतीजवळ येऊन एकाच जागी गोल गोल फिरू लागली.

"ही लबाडी आहे. दोरा बांधलायस तू," बुखोसी म्हणाला.

"कुठाय दोरा? तूच दाखव."

खेथिवे झगा गुडघ्याच्या वर खोचून पाण्यात उतरली. तिथे भिंतीच्या उतारावर मोपानीचा एक जुना बुंधा होता. गोठ्याच्या खांबांसाठी मामाने ते झाड तोडलं होतं. बुंधा आता कुजून भुसभुशीत झाला होता. त्याच्या शेजारी तिचा पाय एकदम खाली गेला, आणि पाण्याने तो ओढला. जोरात नाही. वासरू बोट चोखतं तसा.

तिने पाय झटकन वर घेतला. "इथे भोक आहे. पाणी आत जातंय."

"आत म्हणजे कुठे? भिंतीत?" बुखोसीने विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग वळून भिंतीच्या पलीकडे, खाली पाहिलं. तिथे महिन्याभरापूर्वी एक झरा फुटला होता. गावाला वाटे, ही देवाचीच कृपा. चर्चच्या बायका त्याच्याभोवती गाऊन गेल्या होत्या. खालच्या वस्तीतल्या मामोयो आजीने तर त्याला गोल दगड लावून लहानसं आळं केलं होतं. तिचे गुडघे धरले होते. आता तिला पाण्यासाठी भिंत चढावी लागत नव्हती.

"तोच हा झरा," खेथिवे म्हणाली.

"कशावरून?" बुखोसीला प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागे.

"तुझ्या पिशवीत लाल सरबताची पावडर आहे ना?"

"ती ख्रिसमससाठी आहे. आईने बजावलंय."

"अर्धीच दे."

"अर्ध्याने काय होणार? नाही म्हणजे नाही."

शेवटी गेली ती सगळीच. बुखोसी ती भोकापाशी ओतत असताना एखाद्याच्या अंत्यविधीला उभं असल्यासारखा दिसत होता. खेथिवे भिंत उतरून झऱ्यापाशी जाऊन उभी राहिली. मामोयो आजी वाडग्याने बादली भरत होती.

"काय गं, अशी बघतेस काय? जावई यायचाय का माझा?" आजी म्हणाली.

खेथिवे हसली नाही. झऱ्याचं पाणी फिकट गुलाबी झालं, मग चांगलंच लाल. आजीच्या हातातला वाडगा तसाच राहिला.

"अगं बाई, रक्त," ती पुटपुटली.

"रक्त नाही, आजी. सरबत आहे. हे धरणाचं पाणी आहे. भिंतीतून येतंय."

आजीने बोट बुडवून चाखलं. गोड लागलं. घाबरल्याचा राग यायला मग वेळ लागला नाही. "प्यायच्या पाण्यात खेळता होय रे, कार्ट्यांनो? थांबा, झेन्झोलाच सांगते."

तिने सांगायच्या आधी खेथिवेनेच मामाला सांगितलं. झेन्झो मामा धरण समितीचा अध्यक्ष होता. तो अंगणात गाढवगाडीचा चामडी पट्टा शिवत बसला होता. त्याने सगळं ऐकून घेतलं, आणि तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं खेथिवेला नंतर वाटलं.

"मातीच्या भिंतीला थोडं पाणी सुटतंच, बाळा," तो म्हणाला.

"पण मामा, भोक आहे. माझा पाय ओढला त्याने."

"मग काय करू म्हणतेस?"

"पाणी थोडं खाली आणायचं. सांडव्यात तू दगड रचलेस ना, ते काढले तरी..."

मामाने सुई थांबवली. धरण भरलं की जास्तीचं पाणी बाजूच्या सांडव्यातून आपोआप वाहून जाई. यंदा पाणी येताना दिसलं तसा मामाने माणसं लावून तो सांडवा दगडांनी चांगला हातभर उंच केला होता. जास्तीचं पाणीही धरणातच राहावं म्हणून. त्याबद्दल गावाने त्याचं कौतुक केलं होतं.

"मागच्या वर्षी आपल्या किती गाई गेल्या, आठवतं?" त्याने हळूच विचारलं. "मामी मक्याच्या पिठात कोंडा मिसळायची, ते आठवतं? आणि मी आता गावाला सांगू, पाणी सोडून द्या? कशासाठी, तर पोरांची चप्पल गोल फिरली म्हणून?"

खेथिवेला वाटलं, मामा वाईट माणूस असता तर भांडता आलं असतं.

तरी त्याने जिल्ह्याच्या कचेरीत फोन केला. टेकडीवर चढून, जिथे रेंज नीट येते तिथून. पलीकडचा माणूस म्हणाला, साहेब सुट्टीवर आहेत, नव्या वर्षात बघू, तोवर लक्ष ठेवा.

"ठेवलंय की लक्ष," मामा घरी येऊन म्हणाला, आणि त्याने अळ्यांचं ताट पुढे ओढलं. बुखोसीने आपल्या वाटणीच्या मुकाट्याने मेहलुलीला देऊन टाकल्या.

दुसऱ्या दिवशी तिघं कुदळ, दोन रिकामी पोती आणि गाढवगाडी घेऊन निघाले. वारुळाची माती एकदा भिजवून चेचली की दगडासारखी बसते. घरांच्या जमिनी त्याच मातीच्या असत. त्यांनी एक जुनं वारूळ फोडलं, माती पोत्यांत भरली आणि धापा टाकत भिंतीवर आणली.

"वाळवी चावली मला," बुखोसी म्हणाला.

"वाळवी शहरी माणसाला चावत नाही. चव नसते," मेहलुली म्हणाला.

खेथिवेने नाक दाबून बुडी मारली. पहिलं पोतं भोकाने असं खेचून घेतलं की तिची बोटं अडकता अडकता राहिली. दुसरं तिने वरून दाबलं, त्यावर चिखल थापला, गवताच्या पेंढ्या कोंबल्या. वर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. मेहलुलीने होडी सोडून पाहिली. ती वाऱ्याबरोबर शहाण्यासारखी धरणाच्या मध्याकडे गेली.

खाली झरा बारीक झाला, थेंब थेंब गळू लागला आणि थांबला.

"आपण थांबवला," बुखोसी म्हणाला. त्याचा स्वतःवरच विश्वास बसत नव्हता. त्या संध्याकाळी तिघं इतकी आनंदात होती की बुखोसी एका वासराच्या पाठीवरून हातसुद्धा फिरवून आला.

सकाळी खालच्या वस्तीतल्या बायका रिकाम्या बादल्या घेऊन मामाच्या अंगणात उभ्या होत्या. मामोयो आजी काठी टेकत सगळ्यांच्या पुढे.

"झरा आटला, झेन्झो. काल दुपारपर्यंत होता आणि आता ठणठणीत. लेकरांनी काहीतरी केलंय."

मामाने तिघांकडे पाहिलं. खेथिवे पायांकडे, बुखोसी आकाशाकडे बघू लागला. मेहलुलीला मात्र राहवलं नाही. "आम्ही भोक बुजवलं. खेथिवे बुडी मारून गेली होती," तो अभिमानाने म्हणाला.

"एकटी? पाण्याखाली?" मामी किंचाळलीच.

मग जे झालं ते थांबवायला खेथिवेने होतं नव्हतं ते सगळं केलं. ती भिंतीपर्यंत मामाच्या मागे धावत गेली. ते पोतं राहू दे, एवढं एकच राहू दे, असं विनवत राहिली. मामोयो आजीला म्हणाली, "आजी, मी रोज तुझं पाणी आणून देते. सकाळ-संध्याकाळ. शप्पथ."

"आणि शाळा उघडली की?" आजीने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता. "माझे गुडघे वर्षभर दुखतात, पोरी."

दोन गड्यांनी पाण्यात उतरून पोत्यांना दोर बांधला. गाढवांनी ओढ घेतली. पोती सुटली तशी त्यांच्याबरोबर कुजका बुंधाही मुळांसकट उपटून आला, आणि त्याच्या जागी पाणी भोवरा धरून फिरू लागलं. खाली झरा उसळून वर आला, पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा. बायकांनी आनंदाने जिभा वळवून आरोळ्या दिल्या.

खेथिवेने त्या पाण्याची ओंजळ भरली. तळाशी भिंतीची लाल माती बसली. ती तिने मामासमोर धरली.

"बसेल खाली," मामा म्हणाला. पण तिच्या ओंजळीकडे त्याने नीट पाहिलं नाही.

नंतरचे काही दिवस तिघं भिंतीवर जाऊन बसत. करण्यासारखं काही उरलं नव्हतं. मामाने पोती, कुदळ आणि गाढवं, तिन्हींना हात लावायची बंदी केली होती. बुखोसीने गावप्रमुख मासुकू आजोबांकडे जाऊन पाहिलं. आजोबांनी त्याला आंबवलेलं दूध पाजलं, वडिलांची खुशाली विचारली आणि धरणाचं समिती बघते म्हणून सांगितलं. झरा रोज थोडा रुंद होत होता. मामोयो आजीने आळ्याचे दगड दोनदा मागे सरकवले होते.

"आपण मोठे असतो तर?" मेहलुलीने विचारलं.

"तर आपल्यालाही पाणी हवंसं वाटलं असतं," खेथिवे म्हणाली.

मग एका पहाटेपासून वरच्या टेकड्यांवर ढग गडगडू लागले. गावात नुसती भुरभुर होती, पण ओढा लाल होऊन धावत आला. न्याहारीच्या वेळेपर्यंत पाणी भिंतीच्या माथ्याला भिडायला आलं. झऱ्याचा झरा राहिला नव्हता. मांडीएवढ्या जाडीची चिखलाची धार भिंतीच्या पायथ्यातून बाहेर पडत होती आणि वर, जिथे बुंधा होता, तिथे भिंतीच्या माथ्याला खळगा पडला होता.

बुखोसी धावत मामाकडे गेला. या वेळी हातातलं काम टाकून मामा तसाच अनवाणी सांडव्याकडे पळाला आणि स्वतः रचलेले दगड हातांनी उपसू लागला. पाण्याने ते घट्ट आवळून धरले होते.

"खालच्यांना वर काढा!" तो ओरडला.

खालच्या वस्तीत मोजकी घरं होती. खेथिवे दारोदार गेली. "भिंत फुटतेय, वर चला." लोक चुलीपाशी बसले होते. एकजण म्हणाला, सरबत ओतणारी हीच ना? दुसरी म्हणाली, पावसात लेकरांना घेऊन कुठे जाऊ, झेन्झोला येऊन सांगू दे. मामोयो आजीने तर तिला आत येऊन अंग पुसायला सांगितलं.

खेथिवे वस्तीच्या मधोमध उभी राहिली. पाऊस तिच्या तोंडावर येत होता. रडावंसं वाटत होतं, आणि रडायला वेळ नव्हता. तेवढ्यात एका गोठ्यातून गाय हंबरली.

"बुखोसी," ती म्हणाली, "गोठे उघड. सगळे."

"मी?"

"तूच. शेळ्या मी घेते. टेकडीकडे हाकायचं. आरडाओरडा कर, चोर चोर म्हण, काहीही म्हण."

बुखोसीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. पण तो गेला. त्याने आडवे वासे काढले, डोळे मिटून एका बैलाच्या पुठ्ठ्यावर थाप मारली आणि जे ओरडत सुटला त्याने गुरं बिथरून टेकडीच्या वाटेला लागली. त्यांच्यामागे शेळ्या, आणि शेळ्यांमागे खेथिवे. मग घराघरांतून माणसं बाहेर पडली. भिंतीसाठी जी उठली नव्हती ती गाईंसाठी उठली. पुरुष काठ्या घेऊन, बाया पोरांना पाठीशी बांधून, शिव्या देत, चिखलात घसरत सगळे टेकडी चढू लागले.

मामोयो आजीकडे ना गाय होती ना शेळी. तिच्याकडे एक फोन होता. दर रविवारी त्यावर तिचा मुलगा जोहान्सबर्गहून बोलायचा. मेहलुलीने तो तिच्या उशाखालून उचलला आणि तिच्या नाकासमोर धरला.

"ठेव तो. ठेव म्हणते ना."

तो पळाला. आजीला गाठता येईलसं वाटावं इतकं हळू, आणि तिच्या हाती लागू नये इतकं लांब. ती काठी टेकत, त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत मागे निघाली. चढाच्या मध्यावर तिचे गुडघे थकले तेव्हा मेहलुली परत आला आणि तिच्या पुढ्यात वाकून उभा राहिला. तिने एक रट्टा त्याच्या पाठीत घातला, मग त्याच पाठीवर हात टेकून ती चालू लागली.

ती वर पोचायच्या थोडं आधी भिंत गेली.

मोठा आवाज वगैरे झाला नाही. माथ्याचा खळगा खाली बसला, त्यातून पाण्याची एक जीभ बाहेर आली आणि ती बघता बघता रुंद झाली. मग मधला सगळा भरावच भिजलेल्या पिठासारखा विरघळला. लाल पाणी बागांवरून गेलं, मक्यावरून, कुंपणांवरून. घरं एकेक करून वाकली आणि खाली बसली. कुणाचं तरी गाढव खुंट्याला बांधलेलं राहिलं होतं. त्याचं ओरडणं ऐकू आलं, मग थांबलं.

टेकडीवर शिव्या बंद झाल्या होत्या. माणसं आपापली पोरं चाचपून बघत होती. मामोयो आजी जिथे आपलं घर होतं तिकडे पाहत होती. मेहलुलीने तिच्या हातात फोन ठेवला. तिने तो उलटासुलटा करून पाहिला. तो अजून चालू होता.

पलीकडे सांडव्याच्या खडकावर मामा एकटाच बसलेला दिसत होता. हात मांडीवर पालथे टाकलेले. मध्ये आता भिंत नव्हती, त्यामुळे त्याच्यापर्यंत जायला वाटही नव्हती.

पाणी ओसरल्यावर गावाची सभा भरली. एकही माणूस दगावला नव्हता. कचेरीतले साहेब सुट्टी अर्धवट सोडून आले होते. त्यांनी खिंडाराचे फोटो काढले. भिंतीवर झाड वाढू द्यायचं नसतं, वाढलेलं तोडून मुळं आत कुजू द्यायची नसतात, आणि सांडवा तर कधीच अडवायचा नसतो, असं त्यांनी सांगितलं. सगळे मान डोलावत होते. मग ते म्हणाले, या मुलांनी जे ओळखलं ते आमच्या लक्षात यायला हवं होतं.

मासुकू आजोबा काठीच्या आधाराने उठले. "माझ्या दारात एक पोरगं आलं होतं," ते म्हणाले. "मी त्याला दूध पाजून परत पाठवलं. आज त्या पोराची मी गावासमोर माफी मागतो. ही तीन लेकरं नसती, तर आज आपण इथे कबरी खणत असतो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बायकांनी आरोळ्या दिल्या. बैलवाल्या माणसाने बुखोसीला खांद्यावर घेतलं. मामा जागेवरून उठला, खेथिवेसमोर आला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. त्याच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या होत्या. खेथिवेने त्याचा हात तसाच राहू दिला.

टाळ्या थांबल्या. खाली धरणाच्या तळात पोरं चिखलातले मासे गोळा करत होती. जिथे पाणी होतं तिथे लाल चिखल चकाकत होता, आणि कडेने त्याला भेगा पडायला सुरुवातही झाली होती.

"साहेब, नवी भिंत कधी?" कुणीतरी विचारलं.

"अर्ज वर पाठवतो," साहेब म्हणाले, आणि खाली बघू लागले.

"ओढा किती दिवस वाहील?" दुसऱ्या कुणी विचारलं. याचं उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं, म्हणून ते कुणी दिलं नाही.

मामोयो आजी पुढे सरकली. ती आता मामाच्याच घरी राहत होती. ती साहेबांशी बोलली नाही, मासुकू आजोबांशीही नाही. ती खेथिवेसमोर येऊन उभी राहिली.

"पोरी," ती म्हणाली, "मग आता पाणी कुठून आणायचं गं आपण?"

तिच्या स्वरात टोमणा नव्हता. ती खरंच विचारत होती. खेथिवेने मान वर केली, तर सगळी सभा तिच्याकडे बघत होती. साहेब, आजोबा, मामा, बादल्या घेऊन आलेल्या बायका. इतके दिवस ती बोलत होती तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. आता सगळे ऐकायला थांबले होते.

"मला नाही माहीत, आजी," खेथिवे म्हणाली.